चिंचेपासून बारा पावलं

अल्लीपूर,
मंगळवार सकाळ

ती. डोमाजी मामांच्या पायांवर कैलासचं डोकं.

पत्र लिहायची पाळी आली, कारण तुम्ही फोन उचलत नाही. (निवृत्त झाल्यापासून ऑफिसचा नंबर दिसला की तुम्ही फोन उशीखाली सरकवता, हे रुख्मामामींनीच सांगितलं.) गुडघे बरे असतील, कारंजा गावचं पाणी मानवलं असेल. इकडे आमची सौ., म्हणजे तुमची भाची वर्षाली, खुशाल आहे. मी नाही.

तुम्ही वीज कंपनीतून निघालात तेव्हा साहेबांनी तुमच्याकडून ‘अनुभव पत्रक’ भरून घेतलं होतं. लाइनमनचं तेहतीस वर्षांचं ज्ञान वाया जाऊ नये म्हणून. ते कॉम्प्युटरमध्ये अगदी जपून ठेवलेलं आहे. काल सकाळी पाणीपुरवठ्याच्या पंपाची जमिनीखालची केबल गेली, तेव्हा मी मोठ्या विश्वासाने ते उघडलं. केबलचा जॉइंट कुठे? तर तुमच्या अक्षरात, ‘चिंचेपासून बारा पावलं. मंग वास येते.’ मामा, चिंच रस्ता रुंद करताना गेली. आणि पावलं कोणाची? (तुम्ही सहा फूट, मोटारसायकलवर बसलो की माझे पाय जमिनीला लागत नाहीत.) तरी अंदाजाने चिंच धरली, बारा पावलं टाकली, आणि खरोखरच वास आला! चार माणसं हुरूपाने खणायला लागली. निघाली नानाजींच्या संडासाची टाकी. (वास जळक्या रबराचा, एवढं एक लिहायचं होतं ना!) तेव्हापासून नानाजी खड्ड्याशी खुर्ची टाकून बसलेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव सांगताहेत.

साहेबांना फोन केला, तर म्हणाले, माहिती सिस्टीममध्ये आहे ना, मग अडचण काय? तेवढ्यात गावातल्या भागाबाईंनी पाण्याचे दोन रिकामे गुंड आणून माझ्या फायलींवर ठेवले. “काऊन जी साहेब, गावानं आता तुमच्या फायली प्यायच्या का?” मी गुंड बाजूला सरकवले आणि हा कागद ओढला. माणूस तेहतीस वर्षं नोकरी करतो आणि मागे सहा शब्द ठेवून जातो, याला काय म्हणावं?

मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
कैलास

ता.क. पत्र आणणारा सचिन आमचा ड्रायव्हर आहे. जीप दाराशी उभी आहे. वाचून झालं की तसेच बसून या. मुक्काम आमच्याकडे.

आणखी ता.क. सचिन निघता निघता म्हणाला, “डोमाजी येत नाई, ते रागावले हायेत.” खरं आहे. निवृत्तीच्या आधी तुम्ही तीनदा म्हणालात, “कैलास, चाल, जागा दाखवून देतो.” तिन्ही वेळा मी म्हणालो, मामा, फॉर्ममध्ये लिहा. आज दाखवा, मी मुकाट्याने मागून चालतो. फक्त हे वर्षालीला कळू देऊ नका.