चोर स्विच

१६ फेब्रुवारी २००३, आरमोरी

माझ्याच दारातली गाडी मला सुरू करता आली नाही आणि शेजारच्या, दवाखान्यात नर्स असलेल्या रीता सिस्टरने केली. म्हणून ही वही उघडली. कोणाला सांगण्यासारखं नाही.

लग्नाच्या मांडवासमोरून एक मारुती चोरीला गेल्यापासून गावात जो तो चोर स्विच बसवतो आहे. लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय नुसती किल्ली फिरवून उपयोग नाही. यांनीही रईस मेकॅनिककडून बसवून घेतलं. मला म्हणाले, "सांगतो सवडीनं."

आज मी वडशाला निघाले. हे अंघोळीला. गाडी ढिम्म. कुंपणापलीकडून रीता आली. "द्या बरं किल्ली, बाई." सीटखाली हात घातला — गाडी सुरू! "सरांनी सांगतलं होतं," म्हणाली.

बत्तीस वर्षांचा संसार.

१७ फेब्रुवारी

विचारलं. "असू दे एखाद्या शेजाऱ्याले माहीत," म्हणे. गाडी यांच्याआधी मी शिकले. तेव्हा रीता शाळेत असेल.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी दोघं कुंपणाशी. ती हळू आवाजात काही विचारत होती, हे मान हलवत होते. मी गेले तशी गप्प.

"वांग्यांले कीड लागली का, विचारत होती."

वांगी मी लावली आहेत. विचारायचं तर मला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हे शाळेत गेल्यावर गाडी रईसकडे नेली. म्हटलं, स्विच दुसरीकडे बसव.

"काऊन बाई? खराब झाला का?"

"जागा नको त्यांना कळली."

"नको त्यांले म्हणजे?"

"तू काम कर."

हसला. "सरांले सांगून ठेवजा बाई. नाई तं सरच चोर ठरतीन."

सांगणार नाही. लागेल तेव्हा येतील विचारायला — माझ्याकडे. उद्या मी बसने नागभीडला, भावाकडे. रविवारपर्यंत गाडी यांना लागत नाही. शाळा घराजवळच.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२२ फेब्रुवारी

काल दुपारी भावाकडे फोन आला. सरांची तब्येत बिघडली, लगेच या. दवाखान्यात पोचले तेव्हा हे गेले होते.

२५ फेब्रुवारी

रीता आली. खाली बसली. मी खुर्ची दिली नाही.

"महिनाभरापासून छातीत दुखत होतं सरांच्या. मी म्हणत होती, नागपूरले दाखवा. तं म्हणत, परीक्षा होऊ दे. बाईले कळलं तं घरात कोंडून ठेवन मले. कधी जास्तच झालं तं तू गाडी काढजो. म्हणून तं स्विच दाखवला."

मग रडायला लागली. "हात घातला तं स्विच नाई. सर म्हणे, तिथंच आहे, नीट पाय. रईसभाऊ जुम्याच्या नमाजले गेले होते. मालवाहू ऑटो भेटेपर्यंत लय उशीर झाला. कोणं काढला असन बाई, थो स्विच?"



तिने पदराची गाठ सोडून हातात दिलं — यांचं घड्याळ, चष्मा, गाडीची किल्ली.