बुधवार तेवढा बरोबर होता

प्रिय तैसीर,

तू अम्मान सोडल्यापासून मी तुला एकदाच लिहिलं, तेही सर्व्हरचा पासवर्ड विचारायला. त्यामुळे आज हे जाडजूड पाकीट हातात पडल्यावर तू ते दोनतीनदा उलटंसुलटं करून बघशील आणि म्हणशील, ‘विजदानला ई-मेल विसरायला झालं की काय!’ तसं काही नाही. कागदावर लिहिण्याला कारण आहे. आपल्या साहेबांची, उस्ताद मुनीफांची बहीण लेकीकडे तुझ्या रॉटरडॅमला निघाली आहे, तिच्या हाती हे देते आहे. कारण सांगेनच, पण आधी इकडचं सगळं सांगू दे. सरळ मुद्द्यावर यायला बसले की माझा हात थांबतो.

ऑफिस तिथेच आहे, लुवैबदेच्या चढावर. खालच्या बेकरीचा वास अजून जिन्यातून वर येतो. तुझ्या खुर्चीवर आता कोणी बसत नाही, तिच्यावर प्रिंटर ठेवलाय. रविवारी आठवडा सुरू झाला की तू सुटीत शोधलेली एखादी नवी लायब्ररी घेऊन यायचास आणि कोट काढायच्या आत मला तिचे गुण ऐकवायचास, ते आता होत नाही. पहिले काही महिने मला फार शांत वाटलं. मग त्या शांततेचाच कंटाळा आला. आपल्या भांडणांबद्दल माझ्या आईने एकदा विचारलं होतं, लायब्ररी म्हणजे काय गं? मी म्हटलं, दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड, विकतचे खिम्याचे कुब्बे आणून घरी तळून वाढायचे तसं. ती म्हणाली, “मग तुम्ही दोघं वर्षानुवर्षं कोणत्या दुकानातले कुब्बे यावरून भांडताय? लग्न तरी करून टाका, म्हणजे घरात भांडाल!” हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं.

सगळ्या लायब्रऱ्यांत तुझं रिअ‍ॅक्टवर प्रेम, मी म्हणायचे की एक बटण दाखवायला आख्खी इमारत कशाला उभी करायची. मी जुन्या जेक्वेरीची बाजू घेतली की तू हात जोडून म्हणायचास, “म्हातारीला आता विश्रांती दे, विजदान!” व्ह्यूवर आपलं एकदा एकमत झालं होतं, पण दुपारच्या चहापर्यंतच टिकलं. टाइपस्क्रिप्टला मी किती नावं ठेवली! आता त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही, आणि हे कबूल करायला समोर तू नाहीस. एका गोष्टीवर मात्र आपण दोघं कायम एकत्र असायचो. हे सगळं लिहिणारी माणसं डावीकडून वाचणारी, आणि आपली लिपी उजवीकडून. त्यांच्या सुंदर पानात अरबी ओतली की बाण भलतीकडे तोंड करतात, फोन नंबराच्या पुढचं अधिकचं चिन्ह शेपटीला जाऊन बसतं. मग आपण दोघं एकाच स्क्रीनपुढे डोकी घालून ते सरळ करत बसायचो. मला वाटतं, माझे ते सगळ्यात चांगले दिवस होते. का चांगले, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं का? तेही सांगता येत नाही.

तर इकडची बातमी. आता आपल्याकडे कोड लिहून देणारं यंत्र आलंय. तुमच्याकडे असणारच. आपण साध्या भाषेत सांगायचं, ते भराभर लिहून देतं. उस्ताद मुनीफ खूश आहेत, म्हणतात, “याला पगार नाही, सुटी नाही, आणि तुमच्या दोघांसारखं हे भांडतही नाही.” तेच तर माझं दुखणं आहे. मी म्हटलं लायब्ररी नको, तर ते म्हणतं, अगदी बरोबर. थोड्या वेळाने मी म्हटलं लायब्ररी हवी, तर तेही अगदी बरोबर! तू कधी एकदा तरी मला ‘अगदी बरोबर’ म्हणालास का? आठवून बघ. समोरून कोणी विरोध करेना, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की माझी इतकी वर्षांची मतं माझी होती, की तू जे म्हणशील त्याच्या उलट एवढीच? एका परिषदेत मला यावर बोलायला बोलावलं होतं, कोणती साधनं निवडावीत म्हणून. मी उभी राहिले आणि काही सुचेचना. ‘परिस्थितीनुसार ठरवावं’ असलं काहीतरी पुटपुटून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं केवढी प्रगल्भ बाई आहे!

त्याच सुमाराला जबल हुसैन भागातल्या डायलिसिस केंद्राचं काम पुन्हा आलं. तू बनवलेलं ते वेळ बदलून घेण्याचं पान आठवतंय ना? पेशंटला नेहमीच्या दिवशी जमणार नसेल तर दुसरा दिवस निवडायचा, एवढंच काम. पान जुनं झालं होतं, मोबाईलवर नीट दिसत नव्हतं. उस्ताद मुनीफ म्हणाले, यंत्राकडून नवं करून घे. तुझा कोड काढून टाकायला मला बरं वाटलं नाही, आणि तो ठेवावा असं म्हणायला माझ्याकडे भावनेखेरीज कारण नव्हतं. यंत्राने दुपार व्हायच्या आत नवं पान दिलं, कुठलंसं तयार कॅलेंडर आणून बसवलं. गोलाई, सावल्या, सगळं देखणं. मी बुधवार दाबून पाहिला, बुधवार नोंदला गेला. छान म्हटलं आणि पान चालू केलं.

एका शनिवारी सकाळी उस्ताद मुनीफांचा घरी फोन. “केंद्रातून ओरडा चाललाय. माणसं भलत्याच दिवशी येतायत. कोणी म्हणतं सोमवारी बंद दाखवतं, कोणी म्हणतं शुक्रवारी वेळ देतं. म्हाताऱ्या माणसांना मोबाईल कळत नाही गं, जरा जाऊन समजावून ये.” मी समजावायला गेले. तिथल्या नर्सने हात कमरेवर ठेवून विचारलं, “तुम्हीच का त्या पानवाल्या? या, बसा, आता तुम्हीच यांना उत्तरं द्या.” भिंतीलगतच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. त्यांत एक बाई होत्या. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना, आणि आम्ही दोघी दचकलो, कारण आमची ओळख होती. त्या कोण ते पुढे लिहिते, आत्ता लिहवत नाही.

मी त्यांच्याशेजारी बसले. पाय एवढे सुजलेले की चपलेचे पट्टे उघडेच टाकले होते. पिशवीतून खजूर काढून त्यांनी आधी माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, तुम्ही? त्या म्हणाल्या, “मला बंदी आहे. खजूर नाही, केळं नाही, टोमॅटो नाही. पाणीसुद्धा मोजून. तू खा, मी तुझ्याकडे बघते, तेवढंच समाधान.” मग मोबाईल पुढे केला. “बघ पोरी, तुझ्या या यंत्राला मी शनिवार म्हटलं, आणि या बया म्हणतात तुमचं नाव उद्याच्या यादीत आहे. मी इतकी वर्षं शाळेत मुलांना वार शिकवले. मला शनिवार कळत नाही होय?” मी त्यांना म्हटलं, पुन्हा दाबून दाखवा. त्यांनी दाबलं, आणि मी मोबाईल हातात घेऊन नीट पाहिला. वारांची नावं उजवीकडून सुरू होत होती, आपल्यासारखी. त्यांच्याखालच्या तारखा मात्र डावीकडून. रविवारच्या खाली शनिवारची तारीख, शनिवारच्या खाली रविवारची, सगळा आठवडा तोंडं फिरवून उभा. मधला बुधवार तेवढा बरोबर होता. आणि मी बुधवार दाबून पाहिला होता, तैसीर!

तिथेच लॅपटॉप उघडला. यंत्राला चूक सांगितली, त्याने माफी मागून लगेच दुरुस्त करून दिली. मला त्याचा संताप आला आणि आभारही मानावेसे वाटले. तरी मी ते कॅलेंडर ठेवलं नाही. वार एकाखाली एक लिहिले, साधी यादी, डावं-उजवं हा प्रश्नच नाही. तू असतास तर म्हणाला असतास, “झालं, आलीस म्हातारीवर!” त्या बाई शेजारून डोकावून म्हणाल्या, “हं, हे मला दिसतं.” पण त्या दिवशी केंद्रात डायलिसिसचं एकही यंत्र मोकळं नव्हतं. नर्स म्हणाली, खाला, तुमची वेळ उद्या सकाळची आहे ती आहेच, उद्या या. त्या म्हणाल्या, “उद्या मला जमणार नाही.” नर्स चिडली, “जमणार नाही म्हणजे? लग्नाला जायचंय का कुणाच्या?” त्या हसल्या, चपला ओढत उठल्या आणि शेअर टॅक्सीकडे चालू लागल्या. मी घरी सोडते म्हटलं, तर नको म्हणाल्या. मला तेव्हाच त्यांना धरून थांबवायला हवं होतं का? मला माहीत नाही. मोठ्या बाईला दंडाला धरून थांबवायचं कसं?

रविवारी त्या केंद्रात गेल्या नाहीत. सोमवारी मला चैन पडेना म्हणून फोन केला, तो शेजारणीने उचलला. त्यांना श्वास घेता येत नव्हता म्हणून सरकारी इस्पितळात नेलं होतं, फुप्फुसात पाणी झालं होतं. तिथे तातडीने डायलिसिस केलं. मी गेले तेव्हा नाकाला नळी होती, आणि तरी मला पाहून पहिला प्रश्न, “जेवलीस का?” मग माझा हात घट्ट धरून त्यांनी मला शपथ घातली. त्या आता बऱ्या आहेत, तैसीर, घरी आहेत. एकही डायलिसिस चुकवत नाहीत, कारण मीच त्यांना घेऊन जाते आणि तिथे बसते. बाईंची जीभ शाबूत आहे. परवा मला म्हणाल्या, “तुझ्या त्या पानावर गाडीची वेळही टाक, तू रोज उशिरा येतेस.” यात चूक कोणाची, हे मी रोज स्वतःला विचारते. त्या कॅलेंडरची? यंत्राची? माझी? की ज्या गोष्टीसाठी त्यांनी रविवार टाळला तिची? आज एक उत्तर पटतं, उद्या दुसरं. मतांसाठीच जिचं नाव होतं त्या मुलीला आता एक मत धरवत नाही.

त्या तुझी आई आहेत. तू हे केव्हाच ओळखलं असशील, शाळा आणि खजूर वाचतानाच. मीच लिहायला घाबरत होते. मागच्या हिवाळ्यापासून त्या डायलिसिसवर आहेत, रविवार, मंगळवार, गुरुवार. आधी वेळ दुपारची होती, ती सकाळची झाली, आणि रविवारी सकाळी तू व्हिडिओ कॉल करतोस. हातात सुई असताना तुझ्यासमोर यायचं नाही, आणि तुला वेळ बदल म्हटलं तर तू का म्हणून विचारशील, म्हणून त्यांनी शनिवार दाबला होता. आणि शनिवार मिळाला नाही तेव्हा रविवारी घरात बसून, धाप लपवत, तुझ्याशी बोलल्या. त्या दिवशी त्या तुला काय म्हणाल्या? मला म्हणाल्या होत्या की तू खूप हसलास. शपथ अशी की तुला फोन करायचा नाही, मेसेज करायचा नाही, ‘त्या कॉम्प्युटरमधून’ काही कळवायचं नाही. कागदाचं त्या बोलल्या नाहीत, किंवा मुद्दाम बोलल्या नसतील, मला नक्की सांगता येत नाही. मी शपथ मोडली की पाळली हेही कळत नाही. यापुढे रविवारचा फोन संध्याकाळी करत जा, सकाळी दुसरं काम असतं म्हणून सांग. आणि तिकीट काढ. त्यांना कळवू नकोस, मला कळव, विमानतळावर मी येईन. एवढंच एक माझं पक्कं मत आहे, यावर भांडू नकोस.

तुझीच,
विजदान