आपण एकमेकांचे कोणी नाही

प्रिय लोरीन,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. बिल्डिंग माझी झाली! हो, टोलीडोतली हीच, जिच्यात माझं सोफे शिवायचं दुकान आहे आणि शेजारी कुत्र्यांचे केस कापणारी रोझाल्बा. तू हसली होतीस ना, आठवीत शाळा सोडलेली बाई बँकेशी काय बोलणार म्हणून? बोलले.

मालक कॅझ डूडेक. बायको गेली, भाडेकरू टिकेनात, आणि कर्ज बिल्डिंगच्या किमतीच्या वर गेलं. बँकेनं लिलाव केला असता तर गाड्या धुणारी कंपनी ती घेऊन सगळं पाडणार होती. मग मी या वयात सुई-दोरा घेऊन कुठं जाणार? लायब्ररीत फुकट क्लास होता, जाऊन बसले. शॉर्ट सेल म्हणजे मला आपला चार दिवसांचा सेल वाटलेला! तसं नाही गं. मालकानं कर्जापेक्षा कमी किमतीला विकायचं आणि उरलेल्यावर बँकेनं पाणी सोडायचं. लिलावात तिला याहून कमी मिळेल, हे तिच्या गळी उतरवायचं. भाड्यातून माझ्या नव्या कर्जाचा हप्ता सुटतो का, ते आधी बघितलं. सुटतो. मग गळकं छप्पर, बंद बॉयलर, सगळ्याचे फोटो बँकेला धाडले. नाही म्हणाले. परत धाडले.

शेवटी बँक तयार झाली, पण आधी एका शपथपत्रावर सही मागितली. घेणारा आणि देणारा नात्यातले नकोत, आतून काही ठरलेलं नको, नाहीतर सौदा रद्द. आणि नेमका तेव्हाच कॅझ घरी सारण भरून उकडलेल्या पिरोगींचा डबा घेऊन दारात! म्हटलं, "कॅझ, मी सही केलीय, आपण एकमेकांचे कोणी नाही. डबा उचल आणि चालता हो." तर म्हणतो, "अगं, नुसते बटाट्याचे आहेत!" हाकललाच. सगळा हिवाळा बिचारा पलीकडच्या फुटपाथवरून टोपी उचलायचा. मी मशिनवरून मान वर करायची नाही. काचेतून बघायचे, ते सोड.

गेल्या शुक्रवारी सह्या झाल्या. त्याच्या हातात एक डॉलर पडला नाही, पण कर्जातून सुटला म्हणून पठ्ठ्या पार्किंगमध्ये एकटाच पोल्का नाचला. रोझाल्बाची कुत्री भुंकून बेजार.

पण पत्र त्यासाठी नाही. काल तो दुकानात आला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. मला एवढा धीर कुठला! म्हटलं, आवर, माझं हो आहे. जूनमध्ये चर्चमध्ये लग्नाला उभं राहायचंय, आणि माझ्या बाजूनं तूच हवीस. तिकीट काढ. रडत फोन करू नकोस.

तुझीच, आणि आता थोडी त्याचीही,
व्हर्ना