जिन्याच्या दिव्याचं बटण

प्रिय ताई,

शिलाई मशीनवर घड्या घातलेले कपडे रचलेले असतील, ते आधी उचल आणि मगच पुढचं वाच.

तुझी ठमी अंगठ्याशेजारी आणखी एक अंगठा घेऊन जन्मली, तेव्हा तुझ्या सासूबाईंनी लगेच निकाल दिला, की पोटुशी असताना मशीनवर बसलीस, त्याचं हे फळ. त्यात दवाखान्याचा अहवाल आला, ‘जनुकात दोष नाही’. मग काय, रक्तात काही नाही म्हणजे सुनेच्या हातातच! तू मशीनची सुई काढून ठेवलीस. घरातली पहिली पदवीधर मी, तो अहवाल मी आमच्या प्रयोगशाळेत नेला.

आपल्या जुन्या घराच्या जिन्यातला दिवा आठवतो? वायरमनने त्याचं बटण शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात बसवलं होतं. आपण खालून ओरडायचो, ‘काकू, दिवा!’ आणि त्या म्हणायच्या, ‘आल्या का राणीसाहेब!’ दवाखान्याने फक्त दिवा तपासला, ताई. बोटं घडवणारं जनुक म्हणजे तो दिवा, आणि त्याचं बटण फार लांब, दुसऱ्याच एका जनुकाच्या आत असतं: डीएनएच्या अक्षरांचा एक छोटा तुकडा. त्या तुकड्यापासून शरीरातलं काहीच बनत नाही, म्हणून असल्या तुकड्यांना लोक अडगळ म्हणत. पण हाच तुकडा उंदरात, कोंबडीत, माशातसुद्धा पुष्कळसा तसाच सापडतो. कोट्यवधी वर्षं जपलेली वस्तू अडगळ कशी असेल?

तू पाठवलेल्या ठमीच्या नमुन्यात त्या तुकड्यातलं एकच अक्षर वेगळं निघालं. बटण लागेल तिथे निळा रंग यावा अशी सोय करून नेहमीचा तुकडा आम्ही उंदराच्या गर्भात घातला, तर पंजाच्या करंगळीकडच्या बाजूला निळा ठिपका उमटला. ठमीचा घातला, तर अंगठ्याच्या बाजूलाही! आमच्या मॅडम म्हणाल्या, ‘बघून झालं असेल तर श्वास घे आता.’

अर्धंच सांगून तुला खूश करणार नाही. ते अक्षर तुझ्यात आहे, माझ्यातही आहे, आपल्या बोटांवर दिसत नाही इतकंच. ते आलं बाबांकडून. त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा मणी आहे ना, आपण घंटी म्हणून दाबायचो तो? नमुना देतानाही ते ‘ट्रिंग’ म्हणाले. सासूबाई म्हणतील, म्हणजे तुमच्याच घराण्याचं! म्हणू देत. आहेच आपल्या घराण्याचं. पण तुझ्या हातून काहीही घडलेलं नाही.

आईचा फोन आला होता. तुला पुन्हा दिवस गेलेत, आणि म्हणून तू मशीन विकायला काढलं आहेस. ताई, विकू नकोस. या बाळात ते अक्षर येईल किंवा येणार नाही, दोन्ही सारखंच शक्य आहे, आलं तरी जास्तीचं बोट दिसेलच असं नाही, आणि मशीनला त्यातलं काही कळत नाही. रविवारी मी तेलाची बाटली घेऊन येते. ठमीचा जास्तीचा अंगठा काढायचं ऑपरेशन होईपर्यंत तिला सहा बोटांचा हातमोजा लागेल, तो दुकानात मिळायचा नाही. तू सासूबाईंच्या समोर बसून शीव. बोलायचं काम माझं.

तुझीच,
धाकटी