काटेचमचे मोडीत काढू नयेत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा काट्याचमच्यांवर चांदीचा मुलामा देण्याचा, सध्या बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कमरेचे हाड मोडल्यामुळे माझे चालणे गेले आहे, डोके गेलेले नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घाई मात्र आहे, तिचे कारण पुढे येईल.

कलम १. घर. वरच्या दोन खोल्या, जिना आणि रस्त्याकडचे दुकान माझ्या एकुलत्या एका मुलीला, तिच्या एकटीच्या नावावर. जावयांचे नाव सोबत लावू नये. ते जुन्या गाड्यांची दलाली करतात, आणि त्यांच्या नावावर जे जे लागले ते ते विकले गेले हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक. ती आधी मागची खोली साफ करण्यावर खर्च व्हावी. त्यासाठी रसायने उचलण्याचा परवाना असलेली माणसे बोलवावीत, गवंडी किंवा रंगारी नव्हे. उरेल ते मुलीचे.

कलम ३. काटेचमचे. माझ्याकडे लाकडी पेट्यांत सहा संच आहेत. बंद पडलेल्या हॉटेलांकडून मी ते घेतले आणि नव्याने मुलामा दिला. ते चांदीचे नाहीत, आणि चांदीचे म्हणून मी आयुष्यात एक चमचा विकलेला नाही. आत जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. चांदी काय ती नावात. वरचा थर कांद्याच्या सालीहून पातळ. चमच्याची पाठ जिथे टेबलाला टेकते आणि काट्याचे दात जिथे ताटाला घासतात, तिथे मी दुहेरी थर देत असे. माझ्या धाकट्या भावाला हा वेळखाऊपणा वाटायचा. पण गिऱ्हाइके परत यायची ती त्यामुळेच.

जावयांनी गेल्या महिन्यात पेट्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि त्या वजनाला सराफाच्या फळ्यावरच्या भावाने गुणले. त्या संध्याकाळी माझ्यासाठी फळे आली. दुसऱ्या दिवशी ते एक चमचा घेऊन सराफाकडे गेले. सराफाने पाठीवर कानस मारली, तेजाबाचा थेंब टाकला, थेंब हिरवा झाला. "साहेब, हा मुलामा आहे," तो म्हणाला म्हणे, "मोडीत घालायला आणलात तर मी चहा पाजीन, पैसे नाही देणार." त्यानंतर फळे बंद झाली.

एवढ्यावर थांबते तर मी हे कागद काळे केले नसते. पण जावई माझ्या उशाशी बसून म्हणाले, "बाबा, आत नसेना का, वर तर चांदी आहे ना? मग वरचीच उतरवून घेऊ."

म्हणून हिशेब लिहून ठेवतो. सहाही संचांवरची चांदी उतरवली तर मूठ भरणार नाही. रसायन, वीज आणि गाळणाऱ्याची मजुरी वजा केली की जे उरेल त्यात त्यांच्या गाडीचे एक टायर येईल की नाही शंका आहे. मागे राहील तो काळवंडलेला ढीग भंगारवाला तोंड वाकडे करून नेईल. तेच संच अखंड ठेवले, तर मेजवान्यांना भांडी भाड्याने देणारे लोक एकेका संचाला मोडीच्या कितीतरी पट देतात. मात्र ते काटे मोजून घेतात. एक नग गेला की संचाची किंमत पडते, आणि कानस मारलेल्या चमच्यापायी पहिला संच तसा झालाच आहे. मुलीने गरज पडेल तसा एकेक संच विकावा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला दार दाखवावे.

केक कापायची सुरी माझ्या मेहुणीला. माझ्या लग्नात तिने चारचौघांत विचारले होते की नवरदेवही वरून मुलाम्याचाच आहे का. सुरीला धार नाही, तिच्या जिभेला आहे. जोडी जमेल.

कलम ४. मागची खोली. तिला मी अडसर घालून कुलूप लावले, त्याचे कारण जावयांना दहा वेळा सांगितले. त्यांना वाटते म्हातारा भीती घालतो आहे, म्हणजे आत नक्कीच काहीतरी दडवले आहे. मी जितके समजावतो तितकी त्यांची खात्री वाढते. मला आता बोलायचीच भीती वाटते.

आत दडवलेले काही नाही. मुलाम्याच्या पाण्यात सायनाइड असते. टाकीतले पाणी केव्हाच उचलून नेले, पण वर्षानुवर्षे सांडलेले फरशीत, लाकडात, विटांत मुरले आहे. त्यावर ॲसिड पडले की जो वायू सुटतो तो माणसाला दारापर्यंत पोचू देत नाही. माझ्या भावाने भर दुपारी ॲसिडची बादली चुकीच्या टबात रिकामी केली. मी जेवून आलो तेव्हा तो स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता, हातात टॉवेल, गाल लालसर. मी त्याला झोपलास का म्हणून विचारले. त्यानंतर मी त्या खोलीत काम केले नाही.

त्या वायूला कडू बदामासारखा वास असतो म्हणतात. आमच्या घराण्यात तो वास कोणालाच येत नाही. भावाला येत नव्हता, मला येत नाही. मुलगी माझ्यावर गेली आहे.

चांदी उतरवायला ॲसिड लागते, आणि त्याचे टब त्याच खोलीत आहेत. हे काम जावई स्वतः करणार नाहीत, त्यांना त्यातले काही कळत नाही. लहानपणी माझ्याजवळ बसून तांब्याच्या तारेला चमचे टांगायला शिकली ती माझी मुलगी. परवा जेवण भरवताना ती म्हणाली, "बाबा, एकदाच करून बघते. ते म्हणतात, दार उघडं ठेवू." मी ताट ढकलून दिले. ती सांडलेला भात वेचत बसली. माझे ती ऐकते, पण नवऱ्याला नाही म्हणणे तिला जमत नाही.

मोरीच्या मागे ॲसिडचा कॅन आला होता. शेजारच्या घड्याळजींनी आज तो उचलून नेला. जावई उद्या दुसरा आणतील, दुकान कोपऱ्यावरच आहे. घड्याळजींनी पालिकेत अर्जही दिला. पाहणीला माणूस पुढच्या महिन्यात येईल असे उत्तर मिळाले.

कलम ५. अट. माझी मुलगी माझ्याआधी वारली, किंवा माझ्यामागे त्या खोलीतल्या कामाने वारली, तर घर, शिल्लक आणि सर्व संच नाक्यावरच्या खानावळवाल्या बाईंना जावेत. जावयांना एक चमचाही मिळू नये. अशा वेळी हे कागद वकिलांनी पोलिसांना दाखवावेत.

कलम ६. हे मृत्युपत्र मी उशाजवळच्या खणात ठेवतो आहे. त्या खणाची दुसरी किल्ली जावयांकडे आहे. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. दुसरी प्रत वकिलांकडे गेली आहे, तेव्हा ही फाडून उपयोग नाही.

जावईबापू, तोंडी सांगितलेले तुम्ही ऐकत नाही, पण जिथे वाटणी लिहिलेली असते तो कागद तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. म्हणून हे इथे लिहिले. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी बहुधा जिवंत असेन, याच खोलीत डोळे मिटून पडलेला. मला उठवू नका. ती खाली मागच्या खोलीत असेल तर आधी तिला बाहेर बोलवा. तुमची हाक तिला ऐकू जाईल. माझी जिन्याच्या खाली पोचत नाही.

(सही) मृत्युपत्र करणार, मुलामेवाले

साक्षीदार, ज्यांच्यासमोर मी सही केली आणि ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या :
१. (सही) शेजारचे घड्याळजी
२. (सही) डॉक्टर

स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : १४ ऑक्टोबर, दुपार