दत्तोबांचं नाव परदेशात

४ ऑगस्ट २००३
शाहूपुरीत सायबर कॅफेवर तासभर. हॅरॉल्डचं उत्तर आलंय. हे इंग्लंडातले निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या इंटरनेटवरच्या शुद्ध इंग्रजीच्या ग्रुपाचे स्वयंघोषित शंकराचार्य. मी लिहिलं होतं की तुमचा अपॉस्ट्रॉफी म्हणजे आमचा अवग्रहच, अक्षर गेलं की त्याच्या जागी खूण. उत्तर : "पूर्वेकडच्या मित्राची कल्पना गोड आहे. पण नियम पाळणं हा बाजारी लोकांचा पिंड नव्हे."
गोड! वीस वर्षं हायस्कूलात संस्कृत शिकवतोय. विभक्ती चुकली म्हणून निम्म्या कोल्हापूरला बाकावर उभं केलंय. आणि हा मला पिंड सांगणार.

६ ऑगस्ट
डोकं अजून तापलेलं. सौ. म्हणते, "त्याला तुम्ही बघितलेलं नाही, तुम्हाला त्यानं नाही. मग एवढं भांडताय कुणाशी?" मी पिशवी उचलून भाजी आणायला गेलो.
वाटेत बेकरीचा नवा इंग्रजी बोर्ड. केक, टोस्ट, बिस्किटं, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक अपॉस्ट्रॉफी. गरज एकाचीही नाही. पुतण्याचा कॅमेरा आणून फोटो काढला. दाखवतोच हॅरॉल्डला, आम्हीपण किती कडक आहोत ते.

१० ऑगस्ट
फोटो स्कॅन करून काल टाकला. ग्रुप हसून लोळतोय. हॅरॉल्डनं पहिल्यांदाच मला "प्रिय सहकारी" म्हटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१३ ऑगस्ट
घात. बोर्डाच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही असते, हे ध्यानातच आलं नाही. सगळेच पेंटर करतात. इंग्रजीतच होती, हॅरॉल्डनं भिंग लावून वाचली : दत्तू पेंटर, गडमुडशिंगी. आता ग्रुपवर चुकलेल्या अपॉस्ट्रॉफीला 'दत्तू' म्हणतात. कॅनडातली एक बाई लिहिते, "आज बसस्टॉपवर दोन दत्तू दिसले."
दत्तू म्हणजे दत्तोबा, माझे बारा वर्षांचे स्नेही. शाळेच्या भिंतीवरची सुभाषितं त्यांच्याच हातची, एक अनुस्वार हललेला नाही. इंग्रजी येत नाही, म्हणून इंग्रजी बोर्डाचा मजकूर आधी मला दाखवतात. मी हो म्हटल्याशिवाय ब्रश बुडवत नाहीत.
म्हणजे हाही...
हो. जूनमध्ये, शाळेच्या फाटकाशी. चष्मा खिशात. कुठला बोर्ड तेही विचारलं नाही. म्हणालो, "फक्कड. ओढा रंग."

१५ ऑगस्ट
झेंडावंदन करून थेट कॅफे. ग्रुपला खरमरीत लिहिलं : तो माणूस आहे, चूक नाही, त्याचं नाव वापरणं थांबवा. हॅरॉल्डनं माझं पत्र दोन स्वल्पविराम दुरुस्त करून परत पाठवलं. वर शेरा, शब्द एकदा रुळला की कुणाच्या बापाचा नसतो. संस्कृतात शिवी सुचेना. कोल्हापुरीत सुचली, ती इथे नको.
मजकूर मीच पास केला होता, हे मात्र त्या पत्रात नव्हतं.

२१ ऑगस्ट
दत्तोबा संध्याकाळी पेढे घेऊन दारात.
"सर, आपलं नाव भाईर देशात गेलंया म्हणं!"
बेकरीवाल्याच्या पुण्याच्या जावयानं ते सगळं, फोटोसकट, इंटरनेटवर पाहिलं, सासऱ्याला फोन केला. "लई हसत हुता म्हणं जावई. खूश झाला असणार की."
मी खुर्ची पुढे केली.
"आता समदी डिजिटल बोर्ड छापून घ्याय लागल्यात. दिवाळीपतोर कामं न्हाई आली तर ब्रश ठिवायचा, आन् भाच्याच्या छपाईच्या मशीनवर बसायचं. तवा ते इंग्रजीतलं तेवढं मराठी करून द्या. गिऱ्हाइकाला दावतो. बघ म्हणावं पावण्या, कुठली कुठली माणसं नावाजत्यात."
सौ. माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे. मी पेढा खाल्ला. "देतो," म्हणालो.

२४ ऑगस्ट
भाषांतराला बसलो. "कोल्हापूरच्या दत्तू पेंटर यांची परदेशी विद्वानांत चर्चा." "त्यांचे नाव आता इंग्रजीत रूढ." शब्द एकेक खरा, कागद अख्खा खोटा. फाडला. हॅरॉल्डचा राग राग करून पाहिला. पूर्वीसारखा येत नाही. म्हणजे येतो, पण मध्येच वळतो आणि माझ्याकडे बघतो.

२६ ऑगस्ट
दत्तोबा कागदासाठी आले. सांगून टाकलं. अर्धंच.
"दत्तोबा, ते नावाजत नाहीत. हसतायत."
"कशाला?"
"इंग्रजीच्या खुणा चुकल्यात. तीन."
त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पर ते तर तुमी बघितलंतं की."
"बघायला पाहिजे होतं."
"बरं. आन् फोटू कुणी धाडला तिकडं?"
सौ. चहा घेऊन आली ती दारातच थांबली. मी म्हणालो, "चहा घ्या."
घेतला नाही. चपला घालताना, आवाज जराही न चढवता, एवढंच बोलले, "आठवंल तवा सांगा. मी हाय घरी."
बारा वर्षांत हा माणूस माझ्याशी हळू बोललेला आठवत नाही.

२७ ऑगस्ट
सौ. सकाळीच म्हणाली, "आठवलं का?" पुढे काही नाही. डबा करून दिला, शाळेत रजा कळवते म्हणाली. जाताना कॅफेवर थांबलो आणि ग्रुपवर दोन ओळी टाकल्या : तो मजकूर मी तपासला होता, तुमच्या त्या चुकीला नाव द्यायचंच तर माझं द्या. खाली पूर्ण सही केली. हॅरॉल्ड काय दुरुस्त करायचं ते करो.
ते सोपं होतं. इंग्रजीत होतं.
ही नोंद स्टँडवर बसून. गडमुडशिंगीच्या दोन गाड्या सोडल्या. पहिलीला गर्दी होती. दुसरी रिकामी होती.
तिसरी लागतेय.