नाकाडोंगरीवाली

१७ मे ८१, तुमसर

ताईच्या मुलीचं लग्न लागलं. मामा म्हणून आमचा दादा तिच्या पाठीशी उभा, छाती फुगवून. बाबा एकटक बघत होते. जेवणं झाल्यावर म्हणाले, "यमे, माह्या लग्नात मामाच नव्हता. शेजारचा धरून आणला होता."

बाबा रांगत होते तेव्हा त्यांची आई गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, तिकडचं येणंजाणं तुटलं. आईचं नाव सरस्वती, एवढंच बाबांना ठाऊक. माहेर कुठलं, कोण होतं, काही नाही. दमा आता आडवं होऊ देत नाही त्यांना. "एक डाव मायचं गाव पाहू दे," म्हणाले. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

२ जून, मोहाडी

दादा म्हणतो आधी कचेरीत जाऊ. मी म्हटलं, कागद कुठे पळून जात नाहीत, म्हातारी माणसं जातात. माहेरच्या शेजारची सखूबुडी गाठली. ऐकू कमी येतं, आठवण पक्की.

"तुया आजीले? आमी पोट्टे नाकाडोंगरीवाली म्हणो."

म्हणजे आजीचं माहेर नाकाडोंगरी! आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावानंच हाक मारतात. बाबा जन्मभर या बाईच्या भिंतीला भिंत लावून राहिले, माग चालवला, आणि हे एवढंसं कुणी तिला विचारलं नाही. सांगितलं तेव्हा बाबांनी मागावरून हात काढला.

१४ जून, रवि.

ना.डों.ला जाऊन आलो, मी आणि हे. आपल्या समाजाची घरं मोजकीच. पहिल्याच घरी मी सगळं सांगून बसले, सरस्वती, मोहाडीला दिलेली, लवकर वारली. त्या घरची बाई प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणत गेली. मग ह्यांनी मुद्दाम विचारलं, गोरी होती ना, उंच? हो. आणि काळी, ठेंगणी? तीही हो! तेव्हा ठरवलं, आपण होऊन काही बोलायचं नाही. पुढे सगळीकडे फक्त नाव विचारलं.

कुठेच नाही. शेवटच्या घरी बाजेवर एक आंधळे म्हातारे. गूळपाणी दिलं. "सरस्वती? नाही बाई. आमच्या घरी अशी पोरगी झालीच नाही."

बाबांना सांगवेना. सांगितलं. "राहू दे," म्हणाले.

१० सप्टें., मोहाडी

बाबा गेले. परवा.

आदल्या दिवशी इथला एक माणूस भंडाऱ्याला निघाला होता. त्याच्याकडे दादानं निरोप दिला होता, जवाहरनगरला आमच्या यमीला सांग, बाबा आठवण करून राहिले. तो आमच्या क्वार्टरांमधून यमूबाई, यमूबाई विचारत फिरला. माझ्याच शेजारणीनं सांगितलं, इथे अशी कुणी राहत नाही. खरंच नाही. तिथे मी वासंती. दादाची तार आली तेव्हा निघाले. दारात बायका बसलेल्या.

शेजारणीचा राग नाही. कोणाचा करू? आता यमे म्हणणारं कोण राहिलं?

२२ सप्टें., जवाहरनगर

तेरवी आटोपून परत. तांदूळ निवडत होते. ताटात दाणे पसरले आणि हात थांबला. लग्नात ह्यांनी अशाच ताटातल्या तांदळात अंगठीनं वासंती लिहिलं होतं.

सरस्वती हे आजीचं सासरचं नाव! तिच्या माहेरी कुणी ऐकलेलंच नसणार. मी स्वतः दोन नावांची बाई, आणि अख्खं गाव तेच नाव घेऊन पालथं घातलं. वर शहाणपणा करून मोहाडी तेवढं लपवलं.

दादाला लिहिलं : कोणा बाईचा माग काढायचा तर नाव विचारू नकोस, कोणत्या गावी दिली ते विचार. हे सुचायला बाबा जावे लागले.

१ नोव्हें.

एकटीच गेले. थेट शेवटच्या घरी. आवाजावरून ओळखलं त्यांनी. "तू त मागं आली होतीस ना?"

म्हटलं, तुमच्या घरची मुलगी मोहाडीला दिली होती का?

बाजेवर उठून बसले. "चंद्री. माही मोठी बहीण. तुले कोणं सांगतलं?"

चंद्री! कुणाच्या तरी तोंडून आजीचं नाव ऐकलं. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला. म्हणाले, ती गेल्यावर आमची माय तिच्या पोराले मांगे. त्यांनी देल्ला नाही. बाप भांडून आला, मंग त्या गावचं पाणी आमी पेलो नाही.

मग एकदम, "भाचा कसा हाये? काहून नाही आणला संगं?"

पाण्याचा गडू तोंडाला लावला. म्हटलं, दमा आहे त्यांना.

"मंग मीच येतो. नातू आणंन मले गाडीनं. धान कापणं झालं का येतोच. मामा हावो ना मी त्याचा."

नाही सांगू शकले. परतताना एसटीच्या खिडकीतून दोन्ही अंगांनी दिसत होतं, कापणी सुरू झाली आहे.